तांबड्या रंगाची जाळी

आमच्या मिस्त्रींची एक खोड सगळ्या भिंगारला ठाऊक होती. कुणाच्याही घरी गेले, की पाणी पुढं आल्याबरोबर प्यायचे. तहान असो नसो, बसायच्या आधी, उभ्या उभ्या, पेला रिकामा होईपर्यंत. घाईत थोडं सदऱ्यावर सांडायचं. मग तोंड पुसून विचारायचे, "हां, काय झालंय फ्रिजला?" आमच्या शेजारचा छगन सायकलवाला चेष्टेनं म्हणायचा, "वहिनी, घरी पाणी देत नाही काय मिस्त्रींना?" मला अस्सा राग यायचा! मेल्या, तुला काय माहीत? पण हसून वेळ मारून न्यायचे. खरं कारण सांगायची मला बंदी होती.

आता ते नाहीत, तेव्हा बंदीही नाही. ते असते तर मी तोंड उघडल्याबरोबर चपला घालून बाहेर निघून गेले असते. या एका गोष्टीपुढं त्यांची मान कधी वर झाली नाही.

नाव रंगनाथ. सगळे मिस्त्री म्हणत, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणायचे. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, आणि 'अहो, ऐकलं का' माझ्या तोंडात बसायचं नाही. गाव नेवासा तालुक्यात, प्रवरेच्या खालच्या अंगाला. घरी कोरडवाहू रान, एक बैलजोडी आणि माझे सासरे, कारभारी आबा. आबांचा जीव बैलांवर. एकुलता एक पोरगा शेती सोडून भिंगारला लष्कराच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला लागला, हे म्हाताऱ्याच्या घशाखाली कधी उतरलं नाही. गावात कुणी विचारलं, "तुमचा रंगा काय करतो?" तर आबा म्हणायचे, "नळ्या वाकवतो." एवढंच. वर बोलायचं काही ठेवायचेच नाहीत.

आता खरं सांगायचं तर नळ्याच वाकवायचे. पण वाकवणाऱ्यात आणि वाकवणाऱ्यात फरक असतो की नाही? कारखान्यात शिकून त्यांनी भिंगारच्या बाजारात स्वतःचं दुकान टाकलं. साहेब लोकांचे फ्रिज, मेसमधली थंड कपाटं, आइस्क्रीमवाल्यांच्या पेट्या, सगळं यायचं. फ्रिजच्या मोटारी दुरुस्त करणारे दुसरेही होते. आमचे मिस्त्री जाळी बनवायचे. फ्रिजच्या पाठीला असते ना, गरम लागते, ती जाळी. तांब्याची नळी नागमोडी वाकवायची आणि तिच्यावर अल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या एकीला एक न चिकटता ओवायच्या. नगरहून लोक शोधत यायचे.

नवीन लग्न झालं तेव्हा मी एकदा विचारलं होतं, "फ्रिजमध्ये थंडी येते कुठून हो?" चहा चालला होता. त्यांनी माझा कप घेतला आणि बशीत ओतला.

"कपात निवतो लवकर, का बशीत?"

"बशीत."

"का?"

"पसरतो म्हणून."

"मंग तेच. थंडी कुठून येत न्हाई, भागे. आतली गरमी उचलायची आन बाहेर न्हेऊन पसरायची. जेवढी जागा जास्त, जेवढा वारा जास्त, तेवढी ती लवकर जाती. माझी जाळी म्हंजी गरमीची बशी."

एरवी अबोल माणूस. चार शब्द विचारावेत तेव्हा एक मिळायचा. पण जाळीबद्दल बोलायला लागला की नुसता वाहायचा. मला कळो न कळो, मी हूं हूं करत बसायचे. आवडायचं मला ते.

एकाहत्तर साली पाऊस धड झाला नाही. रानात काही उभं राहीना, तेव्हा घरोघरी म्हशीवर भिस्त आली. गावात दूध सोसायटी निघाली होती, पण टेम्पो यायचा सकाळी. संध्याकाळचं दूध तोवर टिकायचं नाही, आंबून जायचं. मग एक दिवस सोसायटीचे चेअरमन, गहिनीनाथराव, भिंगारला आमच्या दुकानात आले. लष्कराच्या लिलावात एक जुनं थंड करायचं मशीन मिळालं होतं, मोटार चांगली होती, जाळी पार सडलेली. "रंगा, गावाचं काम हाय," ते म्हणाले. मिस्त्रींनी चहा पाजला आणि सांगितलं, "जाळी मी करतो. मजुरी घेनार न्हाई."

मला माहीत होतं ते कशासाठी. गावासाठी होतंच, पण त्याहून जास्त आबांसाठी.

त्या जाळीवर जेवढं डोकं घातलं तेवढं त्यांनी आयुष्यात कशावर घातलं नसेल. जुन्या जाळीच्या पट्ट्या अगदी दाटीनं होत्या. "ही साहेबाच्या बंगल्यातली," मला म्हणाले, "आपल्या गावात फुफाटा. एवढ्या बारीक फटी चार दिवसांत बुजतील. पट्ट्या लांब लांब ठेवल्या तर गरमीला जागा पुरनार न्हाई." म्हणून नळी वाढवली, पट्ट्या मोठ्या केल्या आणि फटी रुंद. फट किती रुंद? तर स्वयंपाकघरात येऊन माझ्या डब्यातली मूठभर बाजरी घेऊन गेले. वरून दाणा सोडायचा, तो कुठं न अडकता खाली आला पाहिजे. एखाद्या फटीत अडकला की ती पट्टी काढून पुन्हा ओवायची. दुकानभर बाजरी! चिमण्या यायला लागल्या दुकानात. मी म्हणलं, "मशीन करताय का कोंबड्या पाळताय?" तर हसले. त्या दिवसांत सारखे हसायचे.

सोबतीला भिमाजी होता. आमच्याच गावचा, बौद्धवाड्यातला. बाप लहानपणीच गेलेला, आई लंकाबाई मोलमजुरी करायची आणि एक म्हैस सांभाळायची. भिमाजी मोठा झाल्यावर मिस्त्रींच्या हाताखाली आला आणि कित्येक वर्षं दुकानात राहिला. तांब्याचा जोड देण्यात त्याचा हात मिस्त्रींच्या बरोबरीचा. दुपारी दोघं एकाच डब्यात जेवायचे, मी भाकरी दोघांच्या हिशोबानंच बांधायचे. भिंगारात ते चालायचं. गावाकडं गेलं की मात्र मिस्त्री त्याला "भिमाजी, येतो रे" असं बौद्धवाड्याच्या अलीकडूनच ओरडून सांगायचे आणि पुढं निघायचे. त्याच्या दारात कधी गेले नाहीत. मलाही तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही, खोटं कशाला बोलू? तशीच रीत होती.

मशीन गावात बसलं. सोसायटीच्या खोलीत सिमेंटचा हौद, हौदाच्या पाण्यात तांब्याचं वेटोळं, आणि त्या गार पाण्यात दुधाचे कॅन उभे करायचे. मागच्या भिंतीला पंख्यापुढं ती जाळी, तोंड मागच्या बोळात. हौदातली गरमी वेटोळ्यानं उचलायची आणि जाळीनं बोळात सोडायची. मशीन चालवायला कोण? मिस्त्री म्हणाले, भिमाजी. लंकाबाईला आता होत नव्हतं, त्यालाही गावात यायचंच होतं. यावरून चार जणांनी नाकं मुरडली. शेवटी चेअरमन म्हणाले, "मशीनला हात लावू दे, कॅनला लावायचा न्हाई." बौद्धवाड्यातल्या लोकांनी धम्म घेतला त्याला पंधरा वर्षं होत आली होती, पण गावाच्या जिभेवरचं जुनं नाव जात नव्हतं. भिमाजी पाना घेऊन कामाला लागला. लंकाबाईच्या म्हशीचं दूध सोसायटीत घ्यायला लागले, सगळ्यात शेवटी का होईना, एवढ्यावर त्यानं समाधान मानलं असेल.

पहिल्या दिवशी हौद गार झाला तेव्हा आबांनी कोपरापर्यंत हात बुडवला. मग दिवसभर सोसायटीच्या पायरीवर बसून राहिले, आणि जो येईल त्याला म्हणायचे, "हात घालून बघ की! घाल, घाल." मिस्त्री हे लांबून बघत होते. चेहरा असा झाला होता, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग पोळा आला.

मिस्त्रींना भिंगारहून निघता आलं नाही, मेसचं काम अडलं होतं. मी एकटी गावी आले. सकाळपासून पुरण वाटत होते. आबांनी बैल धुतले, शिंगं रंगवली. तांबडा ऑइल पेंट, चांगला दाट. शिंगं रंगवून डब्यात रंग उरला. आबा तो डबा आणि कुंचा घेऊन बाहेर पडले. मला वाटलं, शेजाऱ्याच्या बैलांना लावायला चाललेत. दुपारी नैवेद्य घेऊन मी सोसायटीकडं गेले तर आबा मागच्या बोळात उभे, हात तांबडे, धोतरावर तांबडे थेंब, आणि ती जाळी! अख्खी तांबडी. एकेका पट्टीवर, फटीत कुंचा घालघालून, शिंगाला देतात तसे हात दिलेले. वर झेंडूची माळ.

"बघ गं भागिरथे," आबा म्हणाले, "ह्ये बी राबतंयच की. बैलाला पोळा, मंग ह्याला का न्हाई? माझ्या रंगाचं जित्राब हाय ह्ये."

माझ्या रंगाचं. उभ्या जन्मात पहिल्यांदा ऐकलं मी ते. मला मशीनमधलं काय कळतंय? मला ती सजलेली जाळी छानच दिसली.

त्या आठवड्यात दूध नासलं. मोटार तापायची, आपोआप बंद पडायची, परत सुरू व्हायची, परत बंद. हौद कोमट. टेम्पोतून गेलेले कॅन तालुक्याहून तसेच परत आले. गावभर आंबूस वास. बायका रडकुंडीला आल्या, रान गेलं होतं आणि आता दूधही चाललं होतं. चेअरमननी भिंगारला निरोप धाडला आणि मिस्त्री मिळेल त्या एसटीनं आले.

सगळा गाव सोसायटीपुढं जमलेला. भिमाजी हातात पाना घेऊन दारात उभा. मिस्त्री आत गेले, हौदात हात घातला, मोटारीला हात लावून बघितला आणि मागच्या बोळात गेले. मागून आबा गेले. पोळ्यापासून मी गावातच राहिले होते, तेव्हा बोळाच्या तोंडाशी उभी होते. आबांचा आवाज आला, "कशी दिसती रं? पोळ्याला मी रंगवली."

मिस्त्रींनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. बाहेर आले तेव्हा तोंड पांढरंफटक. चेअरमननी विचारलं, "काय रे रंगा, काय बिघडलंय?"

"मशीन चांगलं हाय," मिस्त्री म्हणाले. "मशीनमधी दोष न्हाई."

"मंग दोष कुनाचा?"

आबा मिस्त्रींच्या खांद्याशी उभे होते, तांबडा रंग नखांत अजून तसाच. मिस्त्रींनी जमिनीकडं बघितलं आणि म्हणाले, "चालवनाऱ्याचं ध्यान नसंल."

झालं! एवढं बोलायची खोटी. नाकं मुरडणारे चौघं पुढं आले. आम्ही आधीच सांगत होतो, त्या वस्तीतला माणूस कशाला आणला, आता त्यांचं दूधसुद्धा नको. चेअरमनही मान हलवायला लागले. भिमाजीनं एकदा मिस्त्रींकडं बघितलं. नुसतं बघितलं. मग पाना उंबऱ्यावर ठेवला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. त्याला वाट द्यायला लोक जरा जास्तच मागं सरले.

लोक पांगल्यावर मिस्त्री आत गेले ते बाहेर येईनात. मी चहा घेऊन गेले तर बोळात उकिडवे बसून रॉकेलच्या फडक्यानं जाळी घासत होते. हात कोपरापर्यंत तांबडे. शेजारी बाजरी सांडलेली. वरून दाणा सोडायचे, तो फटीत अडकायचा, मग पुन्हा तार घालून रंग खरवडायचे. मला एका क्षणात सगळं कळलं. मशीनमधलं काही कळत नसलं तरी ती बशी मला कळत होती. बशीच झाकून टाकल्यावर चहा निवणार कसा?

"रंगानं झालंय?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली.

"आणि तुम्हाला बघितल्या बघितल्या कळलं होतं?"

परत मान हलवली.

अहो, असा संताप आला मला! चहाचा कप मी तिथंच आपटला. म्हणलं, "लाज नाही वाटत? माझ्या हातच्या भाकरी खाल्ल्यात त्यानं तुमच्या डब्यात. त्याच्या तोंडाला काळं फासलंत?" ते घासतच राहिले. मग म्हणाले, "आबा म्हनले, माझ्या रंगाचं जित्राब. चाळीस लोकांपुढं त्यांना काय सांगू, की तुमीच दूध नासवलं?" मी आपटलेला कप उचलला. पण राग गेला नाही. आजही गेलेला नाही, खरं सांगते.

जाळी स्वच्छ झाली, हौद पुन्हा गार झाला, आणि त्यामुळं तर गावाची खात्रीच पटली. बघा, माणूस बदलला आणि मशीन चालायला लागलं! मिस्त्री दर रविवारी गावी जायचे, ते जायचे बंद झाले. दुकानात एकटेच जेवायचे. मी रागानं मुद्दाम दोघांच्याच भाकरी बांधायचे, अर्ध्या परत यायच्या. मीही हट्टानं रोज तेवढ्याच बांधायचे.

नवरात्रात आबांचा निरोप आला, खंडेनवमीला या. एसटीनं निघालो. नेवाशाच्या अलीकडं रस्त्याचं दुष्काळी काम चाललं होतं, कडेला माणसं खडी फोडत बसलेली. तिथं गाडी जरा थांबली. मी खिडकीशी होते, आणि खिडकीखालीच भिमाजी. डोक्याला फडकं, हातात हातोडा. तांब्याला अलगद जोड देणारे त्याचे हात फुटून गेलेले. त्यानं वर बघितलं. मिस्त्रींनी मान खाली घातली, इतकी खाली, की जणू सीटखाली काही पडलंय. गाडी हलली. भिमाजीनं पुन्हा हातोडा उचलला. मी मिस्त्रींना म्हणलं, "शोधा आता, काय पडलं ते." फार टोचून बोलले. पण बोलले.

खंडेनवमीला घरोघरी अवजारं पुजतात. नांगर, कोयते, तराजू, सगळं धुऊन-पुसून हळदीकुंकू. सोसायटीतही पूजा होती. मशीन पुसलं, हौदाला तोरण लावलं, बायामाणसं जमली. चेअरमन नारळ फोडायला उभे राहिले. आणि आबा आले. एका हातात कुंचा, एका हातात डबा. नवा डबा, नेवाशाहून आणलेला. "थांबा रं," म्हणाले, "जाळीचा रंग पार उडालाय. आधी तिला सजवू द्या." आणि बोळाकडं वळले.

मी मिस्त्रींकडं बघितलं. म्हणलं, आता बघू. आता हा माणूस म्हाताऱ्याला गपचूप घरी नेतो, का काही निमित्त काढतो. मला त्यांची काही आशा उरली नव्हती. खरंच नव्हती.

"आबा," मिस्त्री म्हणाले. "रंग लावू नका."

"का रं? सनासुदीचं?"

"रंगानंच दूध नासलं हुतं." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की चेअरमन म्हणाले, काय, काय? तेव्हा मोठ्यानं बोलले. "पोळ्याला आबांनी रंग लावला. फटी बुजल्या, वारा जाईना, गरमी आत कोंडली. मी आलो त्या दिवशी बघितल्याबरोबर मला कळलं हुतं. भिमाजीचा काय बी दोष न्हवता. मी खोटं बोललो."

आबा कुंचा हातात धरून तसेच उभे. म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघवेना. लोकांपुढं बापाची लाज काढली म्हणून आता हे पोराला काय बोलतात, असं मला झालं. आबांनी डबा हळूच खाली ठेवला.

"त्यो म्हनला हुता मला," आबा म्हणाले. "भिमाजी. पोळ्याच्या दिशी. आबा, मिस्त्रीला इचारल्याबिगर रंग नका लावू म्हनला. म्या त्याला म्हनलं, तू मला शिकवनार व्हय रं?" मग मिस्त्रींकडं वळले. "आन तुला ठावं हुतं, तरी तू मला सांगितलं न्हाई. मला आंधळ्यावानी फिरू दिलं गावात."

एवढं बोलून आबा चालायला लागले. घराकडं नाही, बौद्धवाड्याकडं. मागून मिस्त्री, मागून मी. बाकी कुणी आलं नाही. चेअरमन नारळ हातात धरून उभेच राहिले.

लंकाबाईचं घर लहान, सारवलेलं, स्वच्छ. दोरीवर पांढरा सदरा आणि पांढरं लुगडं वाळत होतं. दुसऱ्या दिवशी दसरा, त्यांचा धम्माचा दिवस. आम्हाला बघून लंकाबाई गोंधळून गेली. घोंगडी अंथरली, पदर सावरला. भिमाजी आतून बाहेर आला. आबांनी एकदम हात जोडले. मोठा माणूस, पण जोडले. "पोरा, चूक माझी झाली," म्हणाले. भिमाजीनं पुढं होऊन त्यांचे हात खाली केले.

मिस्त्रींनी काय काय बोलायचं ठरवलं असेल कोण जाणे. तोंडातून एवढंच निघालं, "भिमाजी, सगळ्यांपुढं सांगून आलो. आता परत चल."

"न्हाई, मिस्त्री," भिमाजी म्हणाला. शांतपणे म्हणाला, रागानं बोलला असता तर परवडलं असतं. "तुमी बोळातनं बाहेर आला तवाच मला तुमच्या तोंडावर दिसलं हुतं. म्हनलं, आता बोलतील, आता बोलतील. आबाचं नाव मी घेतलं असतं तर माझं कुनी ऐकलं असतं का? मी तुमच्या तोंडाकडं बघत हुतो." मग म्हणाला, "परत न्हाई येनार. आईचं दूध तेवढं घ्या."

"घेतील," आबा म्हणाले. "मी सवता तिची चरवी कॅनमधी वततो. बघू कोन काय म्हनतंय."

तेवढ्यात लंकाबाई पाणी घेऊन आली. घासून लख्ख केलेला पितळी तांब्या आणि वर पेला. इतक्या वर्षांत आमच्या घरचं माणूस तिच्या दारात पहिल्यांदा आलेलं. आबांनी पेला घेतला आणि पाणी प्याले. मी प्याले. मग तिनं पेला भरून मिस्त्रींपुढं धरला. मिस्त्रींनी घेतला.

आणि नुसता हातात धरून उभे राहिले. त्यांचा गळा इतका दाटून आला होता, की घोट उतरला नसता. मला कळत होतं ते, नवरा होता माझा. डोळे खाली होते. पण लंकाबाईला काय दिसलं? तिला तेच दिसलं, जे जन्मभर दिसत आलं होतं. ती चिडली नाही की काही नाही. हळूच पुढं झाली, पेल्याला हात घातला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, मिस्त्री. न्हाई पेलं तरी चालतंय. आमी वाईट मानत न्हाई."

मिस्त्रींनी पेला तिच्या हातातून ओढूनच घेतला आणि घटाघटा प्याले. ठसका लागला, सगळा सदरा भिजला. "तसं न्हाई, आत्याबाई, तसं न्हाई," म्हणत राहिले. ती "व्हय व्हय" म्हणाली, लहान मुलाची समजूत घालतात तसं. तिनं मानलं नाही. भिमाजी दोरीवरच्या पांढऱ्या सदऱ्याकडं बघत उभा होता. त्यानंही मानलं नाही.

आबांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवसापासून म्हातारा रोज सकाळी लंकाबाईची चरवी स्वतःच्या हातानं ओतायचा, आणि सगळ्यात आधी ओतायचा. भिमाजी पुढं औरंगाबादकडं गेला, तिथं चांगलं जमवलं म्हणतात. दुकानात तो कधी आला नाही. मिस्त्रींनी पुढं शंभर जाळ्या केल्या असतील. खंडेनवमीला एकेकीला हळदीचं एक बोट लावायचे, आणि तेही नळीच्या टोकाला.

शेवटच्या आजारात त्यांना गिळवत नव्हतं. मी चमच्यानं पाणी द्यायचे, ते ओठांवरून ओघळून जायचं. एक दिवस पेला बघून त्यांनी हात पुढं केला. मी म्हणलं, नका हो, ठसका लागेल. ऐकेनात. दोन्ही हातांनी पेला धरला, तोंडाला लावला, आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले, "भागे, तवा मी लगीच प्यायला पायजे हुतं."